सायकलसाठी न बांधलेला रस्ता

पॅरिसच्या दक्षिणेला, फ्रान्सच्या अगदी पोटात, शेर नदीचं खोरं सोडून त्रोंसेच्या जंगलात शिरलं की सायकलचा आवाज बदलतो. उघड्या शेतांतून येताना कानात सतत वारा घोंघावत असतो. झाडीत तो पडतो आणि साखळीची कुरकुर, टायरखालच्या खडीची सळसळ स्पष्ट ऐकू येऊ लागते. समोर सरळसोट डांबरी रस्ता, खड्डा नावालाही नाही. बऱ्याच वेळाने एखादी मोटार येते, सायकलस्वाराला लांबून वळसा घालते आणि निघून जाते. गावाबाहेर सायकलला ओलांडताना निदान दीड मीटर अंतर सोडायचं, असा तिथे कायदाच आहे.

मनात पहिला प्रश्न येतो तो हिशेबाचा. रहदारी एवढी विरळ, मग एवढा चांगला रस्ता इथे बांधला कुणी आणि कशासाठी? उत्तर शोधायला लागलं की एक गंमत हाती येते. सायकलस्वाराला या भागात जे जे सुख मिळतं, म्हणजे रस्ता, सपाटी, सावली, त्यातलं काहीही सायकलस्वारासाठी केलेलं नाही. बहुतेक गोष्टी तर सायकलीचा शोध लागण्याआधीच्या आहेत.

आधी रस्त्याचं पाहू. क्रांतीनंतर 1790 मध्ये फ्रान्सची जुनी प्रांतरचना मोडून 83 जिल्हे आखले गेले. जिल्ह्याच्या ठाण्याला घोड्यावरून दिवसभरात पोचता यावं, असा अंदाज त्यामागे होता. त्याखाली कम्यून, म्हणजे आपली ग्रामपंचायत म्हणा. आजही फ्रान्समध्ये सुमारे 35,000 कम्यून आहेत आणि प्रत्येकीला आपला महापौर आहे. 1836 च्या कायद्याने गावागावांना जोडणाऱ्या वाटा राखणं कम्यूनवर बंधनकारक केलं. त्यासाठी गावकऱ्यांकडून वर्षाला तीन दिवसांपर्यंत श्रम घेता येत. ज्याला ते नको, त्याने पैसे भरायचे. धान्याच्या आणि गवताच्या गाड्या बाजाराला पोचाव्यात, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे माणसं शहरांकडे गेली, खेडी रोडावली, लांबची वाहतूक महामार्गांनी ओढून घेतली. जाळं मात्र राहिलं. आज फ्रान्समधले सगळे रस्ते मिळून दहा लाख किलोमीटरच्या वर जातात आणि त्यात मोठा वाटा या गावरस्त्यांचाच आहे. सायकलस्वाराला लाभते ती शांतता म्हणजे रिकाम्या झालेल्या खेड्यांची दुसरी बाजू.

या रस्त्यांची ओळख पटवणारी खूण कडेलाच उभी असते. गुडघाभर उंचीचा, पांढऱ्या अंगाचा, गोल डोक्याचा मैलाचा दगड. डोकं पिवळं असेल तर रस्ता जिल्ह्याचा, लाल असेल तर राष्ट्रीय. सायकलवाले पिवळ्या डोक्याच्या मागे जातात. डांबराकडेही नीट पाहावं. लहान रस्त्यांवर बहुधा जाड थर घातलेला नसतो; पातळ डांबर फवारून त्यावर बारीक खडी पसरतात आणि रूळ फिरवतात. काम स्वस्तात होतं आणि पाणी आत मुरत नाही. फक्त ताज्या कामावर सुटी खडी असते आणि वळणावर चाक घसरतं. उन्हाळ्यात खडीची सूचना देणारा फलक दिसला की अनुभवी माणूस आधीच वेग कमी करतो. पृष्ठभाग खरबरीत असल्यामुळे इथे दगडासारखं फुगवलेलं अरुंद टायर हाडं खिळखिळी करतं; जरा रुंद टायर, त्यात हवा थोडी कमी, हेच बरं.

फेरी सुरू करायला ब्रुएर-आलिशाँ हे गाव चांगलं. भर चौकात रोमन काळातला मैलाचा दगड उभा आहे. त्यावर तीन ठिकाणांची अंतरं कोरली आहेत आणि तीही गॉल लोकांच्या कोसात. हाच फ्रान्सचा मध्यबिंदू, असं गाव म्हणतं. थोड्या अंतरावरचं सोल्झे-ल-पोतिए तेच म्हणतं आणि व्हेस्दँही तेच म्हणतं. कोणीच खोटं बोलत नाही. कॉर्सिका बेट हिशेबात धरायचं की नाही, मध्य कोणत्या रीतीने काढायचा, यावर बिंदू सरकतो. एका दिवसात देशाच्या दोन-तीन मध्यबिंदूंवरून सायकल नेण्याची चैन इथे करता येते. जवळच शेरच्या काठी नुआरलाकचा मठ आहे, बाराव्या शतकात सिस्टर्शियन साधूंनी उभारलेला. एकांत आणि पाणी दोन्ही हवं, म्हणून या पंथाचे मठ बहुधा नदीकाठच्या दऱ्यांत सापडतात. साधूंनी निवडलेली जागा सायकलीलाही मानवते, कारण नदीच्या बाजूने जाणारा रस्ता फारसा चढत नाही.

त्याहून सपाट वाट कालव्याची. नदीचा उतार सावकाश का होईना, पण सतत असतो. कालव्याला तोही चालत नाही, पाणी स्थिर हवं. म्हणून सगळा उतार ठरावीक ठिकाणी गोळा करतात, तिथे दरवाजांच्या पेट्या बांधून नावा वरखाली करतात आणि मधला भाग तळहातासारखा सपाट ठेवतात. बेरीचा कालवा 1840 च्या सुमारास पुरा झाला. त्यावरच्या बहुतेक पेट्यांची रुंदी अवघी 2.70 मीटर! खर्च वाचवण्यासाठी तो असा अरुंद केला आणि त्यासाठी खास चिंचोळ्या नावा बांधल्या. काठाकाठाने चालणारी गाढवं आणि खेचरं त्या ओढत. कोळसा, लोखंड, लाकूड यांची ने-आण व्हायची. मोठ्या नावांच्या युगात तो निरुपयोगी ठरला आणि 1955 मध्ये वाहतुकीतून बाद झाला. गाढवांच्या खुरांसाठी राखलेल्या त्या काठांवरून आता बऱ्याच ठिकाणी सायकली धावतात.

आणि सावली? ती तर थेट आरमारासाठी होती. चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याला जहाजं हवी होती, जहाजांना ओक हवा होता आणि जंगलं गुरांनी व कुऱ्हाडींनी पोखरली होती. 1669 मध्ये त्याने साऱ्या राज्याला वनांचा कडक कायदा लावला. त्रोंसेही त्या शिस्तीत आलं. पुढे 1788 मध्ये रांबूर नावाच्या उद्योजकाने इथे लोखंडाच्या भट्ट्या घातल्या. भट्ट्यांना पाण्याची शक्ती हवी म्हणून तळी बांधली आणि कोळशासाठी जंगलाचा मोठा भाग तोडला. आज त्या तळ्यांत लोक पोहतात. 1830 च्या दशकात वनाधिकाऱ्यांनी पुन्हा लांब पल्ल्याची घडी बसवली. आजच्या साडेदहा हजार हेक्टर जंगलाला ती घडी पायाभूत ठरली.

ती घडी कशी चालते ते पाहण्यासारखं आहे. जुन्या ओकांना मोकळं करून त्यांचे अकॉर्न जमिनीवर पडू देतात. हेक्टरी हजारो रोपं इतकी दाट उगवतात की प्रत्येकाला उजेडासाठी सरळ वर धाव घ्यावी लागते. मग पिढ्यान्‌पिढ्या विरळणी चालते. मधल्या थरात बीच वाढू देतात. त्याची सावली ओकच्या खोडावर पडते आणि खालच्या बाजूला फांद्या फुटत नाहीत. शेवटी हेक्टरमागे शंभराच्या आत झाडं उरतात, वय दोनशेच्या आसपास, खोड खांबासारखं गुळगुळीत. हळू वाढल्यामुळे वर्षाचं कडं जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाड. एवढा बारीक रेषेचा ओक वाइनच्या पिंपांना लागतो. पिंपाच्या फळ्या करवतीने कापत नाहीत, लाकडाच्या धाग्याला धरून फोडतात. धागा तुटला तर त्याच्या नळ्यांतून वाइन पाझरेल. मग त्या दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसात ठेवतात, म्हणजे लाकडातला कडवटपणा धुऊन जातो.

कोल्बेरच्या काळी रुजलेली झाडं जहाजांच्या वयाला आली, तोवर 1859 मध्ये फ्रान्सनेच ‘ला ग्लुआर’ हे लोखंडी चिलखताचं जहाज पाण्यात सोडलं होतं. ओकचं आरमार संपलं. लाकूड मात्र तयार होतं, त्याला पिंपवाले भेटले.

सायकलस्वाराला झाडांच्या या उंच भिंतींचा फायदा शुद्ध भौतिकशास्त्राने मिळतो. सपाटीवर बऱ्यापैकी वेगात जाताना बहुतेक ताकद हवा बाजूला सारण्यात खर्ची पडते. वेग दुप्पट करायचा तर हवेशी झुंजायला आठपट शक्ती लागते. समोरून वारा आला की तोही या हिशेबात मिसळतो. म्हणून जंगलात वारा पडताच कुणी मागून ढकलल्यासारखं वाटतं, चढ-उतार तेच असले तरीही.

चढांवरचा उपाय मात्र खास सायकलीसाठीच शोधलेला आहे. सेंतेतिएनचे पॉल द विव्ही, टोपणनाव वेलोसिओ (1853–1930), आयुष्यभर गिअरांचा प्रचार करत राहिले. भूक लागण्याआधी खावं, तहान लागण्याआधी प्यावं, हा त्यांचा शहाणपणा आजही चालतो. तूर द फ्रान्सने मात्र गिअर बदलणारं यंत्र 1937 पर्यंत वर्ज्य ठेवलं. शर्यतीऐवजी स्वतःच्या दमाने लांब जाण्याची ही फ्रेंच रीत आपल्याकडेही पोचली आहे. पुण्या-मुंबईचे, नाशिक-नागपूरचे सायकलवाले ज्याला नुसतं ‘बीआरएम’ म्हणतात, त्या 200 ते 600 किलोमीटरच्या रपेटी पॅरिसच्याच एका क्लबच्या नियमांनी चालतात. दर चार वर्षांनी होणाऱ्या 1200 किलोमीटरच्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसला जाण्याची वाट त्यांतूनच जाते. 2019 आणि 2023 मध्ये ती रांबुयेहून निघाली, तेही जंगलाच्या कुशीतलं गाव.

जाणाऱ्याने दोन गोष्टी गाठीशी बांधाव्यात. दुपारी बारा ते दोन खेड्यातलं दुकान बंद, सोमवारी बेकरीही बहुधा बंद. पण दफनभूमीच्या फाटकाआत फुलांना घालण्यासाठी नळ असतो आणि फ्रेंच सायकलवाले बाटल्या तिथेच भरतात. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, तेवढं पाहावं. आणि शरदात आलात तर हरणांच्या नरांचं ओरडणं ऐकू येईल, पण तेव्हाच शिकारीचा हंगामही सुरू असतो. फलक वाचून आत शिरावं.

गेल्या काही वर्षांतल्या कोरड्या उन्हाळ्यांनी ओकही थकू लागले आहेत. फ्रान्सचं वनखातं दक्षिणेकडची, उष्णता सोसणारी झाडं लावून पाहत आहे. आज रुजलेला ओक तोडायला आणखी दोनशे वर्षं जातील. तेव्हा त्या लाकडाचं गिऱ्हाईक कोण असेल, ते आज लावणाऱ्याला सांगता येणार नाही. कोल्बेरलाही आलं नव्हतं. मधल्या दोनशे वर्षांतलं सावलीचं गिऱ्हाईक मात्र ठरलेलं आहे: जो कुणी पायडल मारत येईल तो.