पेठेतील मराठी आणि माध्यमिक शाळेची प्रथम भाषा

बेंगळूरमधील चिकपेट म्हणजे कन्नडमधील ‘लहान पेठ’. कापडाच्या ह्या बाजारात दुकानाची भाषा कन्नड असली, तरी भावसार, शिंपी व मराठा कुटुंबांच्या घरांत मराठी बोलली जाते. हा संबंध आजचा नाही. 1638 मध्ये बेंगळूर विजापूरकरांनी जिंकले व पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये ह्यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त संस्कृताबरोबर अनेक देशभाषांतील रचना आहेत, वि. का. राजवाडे ह्यांनी हा ग्रंथ 1922 मध्ये प्रसिद्ध केला. अशा नगरीत मराठी पुढे मुख्यत्वे घरगुती बोली म्हणून का उरली, हा प्रश्न भाषाभ्यासकांनी विचारण्याजोगा आहे.

त्याचे एक उत्तर माध्यमिक शाळेत सापडते. बोली आईकडून मिळते. ग्रंथभाषा मात्र शाळेत मिळवावी लागते. जुने काव्य, व्याकरण व प्रौढ गद्य ह्यांची ओळख होते ती आठवी ते दहावीच्या वर्गांत. 1956 मध्ये संविधानात आलेला अनुच्छेद 350 क मातृभाषेतील शिक्षणाची सोय सांगतो, पण ती केवळ प्राथमिक स्तरापुरती. नेमक्या ह्या उंबरठ्यावर अल्पसंख्य भाषेचा घटनात्मक आधार विरळ होतो.

कर्नाटकात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. गोकाक समितीने 1981 मध्ये माध्यमिक शाळांत कन्नड हीच प्रथम भाषा असावी, अशी शिफारस केली. 1982 मध्ये शासनाने त्या दिशेने आदेश काढले. 1989 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने भाषिक अल्पसंख्याकांवरील ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्यानंतरच्या सुधारित आदेशात प्रथम भाषेसाठी मराठीसह अनेक भाषांचा पर्याय राहिला; सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये तो आदेश मान्य केला.

परंतु हक्क आणि वर्ग ह्या दोन भिन्न गोष्टी होत. बेळगावात मराठी वस्ती सलग असल्याने तेथे मराठी माध्यमिक शाळा उभ्या राहिल्या. चिकपेटेसारख्या ठिकाणी घरे विखुरलेली. त्यामुळे कागदावरील पर्यायाला शिक्षक व पुरेसे विद्यार्थी मिळणे दुर्घट होते.

म्हणून शाळेत कन्नड शिकणे म्हणजे मराठीची हानी, असे मात्र नव्हे. मराठी घरात वाढलेले द. रा. बेंद्रे धारवाडच्या व्हिक्टोरिया हायस्कुलात शिक्षक होते. ते कन्नडचे महाकवी झाले, 1973 चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, आणि त्यांनी मराठीतही लेखन केले. परंतु त्यांचे उच्च शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले होते; घरच्या बोलीला ग्रंथांची जोड तेथे सहज लाभत होती. पेठेतील मुलाला ती जोड शाळेवाचून कोठून मिळणार? कन्नडला तिचे अग्रस्थान देऊनही त्रिभाषा सूत्रात मराठीला तिसरी जागा मिळू शकते. ती जागा रिकामी राहिली, तर पुढील पिढीला मराठी कळेल, पण वाचता येणार नाही.