किल्ली देण्याआधी पैसे जमा झाले का?

भाडेकरू ठरला, टोकन आलं, आधारकार्ड-पॅनकार्डच्या प्रती आल्या, एक तारखेला सामान येणार हेही ठरलं. आणि आदल्या रात्री मेसेज येतो, 'काका, डिपॉझिट चार दिवसांनी दिलं तर चालेल ना? टेम्पो मात्र उद्याच बुक केलाय.' पुण्या-मुंबईत घर भाड्याने देणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव येतो. अशा वेळी चिडण्याआधी एक पाहायचं: किल्ली अजून आपल्याकडे आहे ना? असेल, तर मामला साध्या व्यवहाराचा आहे. ती दिली की मामला ताब्याचा होतो, आणि ताबा सोडवणं हे वेगळंच प्रकरण आहे.

आधी कारण विचारा, शांतपणे. 'बँक बंद होती' हे कारण आता टिकत नाही. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस डिसेंबर २०२० पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतं. पण नवीन खातं जोडल्यावर पहिल्या दिवशी मोठी रक्कम जात नाही, यूपीआयला दिवसाची मर्यादा असते, या अडचणी खऱ्या आहेत. त्या एक-दोन दिवसांत सुटतात. सगळ्यात जास्त ऐकू येणारं आणि बरेचदा खरंही असलेलं कारण म्हणजे जुन्या घरमालकाने डिपॉझिट अजून परत केलेलं नाही. माणूस खोटा नसतो, अडकलेला असतो. त्याला मदत करायची तर राहायला येण्याची तारीख पुढे ढकला. पैसे पुढे ढकलू नका.

पैसे आले म्हणजे आपल्या खात्यात जमा झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला हिरव्या खुणेचा स्क्रीनशॉट म्हणजे जमा नव्हे. आपल्या बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक पाहायची. चेक दिला असेल तर तो वटेपर्यंत थांबायचं. 'चेक बाउन्स झाला तर केस करू' या भरवशावर राहू नये. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते, समोरच्याला १५ दिवस मिळतात, मग महिन्याभरात तक्रार. शिवाय चेकमागे खरोखरचं देणं असावं लागतं. २०१४ साली इंडस एअरवेज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, मालाच्या आगाऊ रकमेपोटी दिलेला चेक ऑर्डर रद्द झाल्यावर या कलमात बसत नाही. भाड्याचा व्यवहारच मोडला तर समोरचा वकील नेमका हाच मुद्दा काढेल.

आता करारनाम्याकडे या, कारण खरी गफलत इथे होते. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, पाच मिनिटांत दोघांचे ठसे घेतो. मसुद्यात अनामत रकमेचं एक कलम असतं आणि त्यात बहुधा 'रक्कम दिली' असंच छापलेलं असतं. पैसे आलेले नसताना त्यावर ठसा उमटवला, तर ते मिळाल्याची कबुली आपणच नोंदणीकृत दस्तात दिली. म्हणून ठशाआधी ते कलम मोठ्याने वाचून घ्या. रक्कम आली असेल तर तारीख आणि व्यवहार क्रमांक घाला. नसेल तर 'अमुक तारखेपर्यंत जमा झाल्यावरच ताबा दिला जाईल' असं वाक्य घालून घ्या. एजंट म्हणेल, असं कोणी लिहीत नाही. आपण लिहायला लावायचं.

नोंदणीच नको, हा मार्ग त्याहून वाईट. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि अटींबद्दल वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.

'निदान सामान तरी ठेवू द्या' ही विनंती सगळ्यात अवघड, कारण टेम्पो सोसायटीच्या गेटवर उभा असतो, मुलं बरोबर असतात. तरीही नाही म्हणावं. एक कपाट आत गेलं की घर त्यांच्या वापरात आहे असं म्हणता येतं. नंतर कुलूप बदललं किंवा सामान बाहेर काढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत ते ताबा परत मागू शकतात, आणि त्या दाव्यात घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्नही आडवा येत नाही.

मुदत द्यायची ती लेखी द्या. मेसेज असा पुरतो: 'अनामत आणि पहिल्या महिन्याचं भाडं १ तारखेपर्यंत जमा करायचं ठरलं होतं. ते अजून आलेलं नाही. ३ तारखेला संध्याकाळी सहापर्यंत न आल्यास व्यवहार रद्द समजून मी घर दुसऱ्यांना देईन.' ती वेळ टळली की रद्द केल्याचंही लेखी कळवा. करार आधीच नोंदवला असेल तर दोघांच्या सहीचं रद्दपत्र करून घ्या. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिली असेल तर तिथे आणि सोसायटीलाही कळवा.

टोकन सगळं गिळणं मला योग्य वाटत नाही. करार कायद्याचं कलम ७४ वाजवी भरपाईची भाषा करतं. घर जितके दिवस अडून राहिलं त्याचं भाडं आणि दस्ताचा झालेला खर्च कापा, हिशेब पाठवा, उरलेलं परत करा.

आणि आपला जुना भाडेकरू घर सोडेल तेव्हा त्याचं डिपॉझिट किल्ली हातात येईल त्याच दिवशी परत करा. पुढच्या घराचे पैसे तो बहुधा त्यातूनच भरणार असतो.