लाल दिव्याचं दुहेरी काम

बोटीच्या इंजिनाची किल्ली फिरवली की पॅनेलवरचा लाल दिवा पेटतो आणि इंजिन सुरू झालं की विझतो. दिवा विझला म्हणजे बॅटरी चार्ज होते आहे, एवढाच त्याचा अर्थ बहुतेक जण घेतात. पण नेहमीच्या अल्टरनेटरमध्ये हा दिवा नुसता इशारा देत नाही, वीजनिर्मितीची सुरुवातही तोच करून देतो.

बदलतं चुंबकीय क्षेत्र तारेत वीज निर्माण करतं, हे मायकेल फॅरडे यांनी 1831मध्ये दाखवलं. अनेक मेकॅनिक आजही ज्याला डायनॅमो म्हणतात, त्या अल्टरनेटरमध्ये हेच घडतं. पट्ट्यावर फिरणारा रोटर हा विद्युतचुंबक असतो. त्याच्याभोवतीच्या स्थिर वेटोळ्यांत वीज तयार होते आणि डायोड तिचं एकदिश प्रवाहात रूपांतर करतात. अडचण सुरुवातीलाच येते. रोटरला चुंबक बनायला वीज हवी आणि वीज तयार व्हायला चुंबक हवा.

ही कोंडी लाल दिवा फोडतो. किल्लीतून निघालेली तार दिव्यातून अल्टरनेटरच्या ‘डी प्लस’ टर्मिनलला जाते. बॅटरीचा प्रवाह दिव्यातून रोटरमध्ये शिरतो, दिवा पेटतो आणि रोटर चुंबक बनतो. इंजिनाने वेग घेतला की अल्टरनेटर स्वतःच डी प्लसला वीज पुरवतो. मग दिव्याच्या दोन्ही टोकांना जवळपास सारखाच व्होल्टेज येतो, प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो.

म्हणून इथे कोणताही बल्ब चालत नाही. 12 व्होल्टच्या यंत्रणेत साधारण 2 वॉटचा बल्ब सुमारे 0.17 अँपिअर प्रवाह सोडतो. त्याजागी एलईडी लावला, तर त्यातून काही मिलिअँपिअरच जातात आणि कमी वेगावर अल्टरनेटर जागाच होत नाही. एलईडी लावायचाच असेल, तर त्याला समांतर सुमारे 68 ओहमचा, 5 वॉटचा रेझिस्टर जोडावा.

बोटीवर हे अधिक महत्त्वाचं, कारण साधं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की विजेवाचून चालू राहतं. चार्जिंग बंद पडलं तरी इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही. तिकडे जीपीएस, व्हीएचएफ रेडिओ, दिशादर्शक दिवे आणि तळातलं पाणी उपसणारा पंप मात्र बॅटरी रिकामी करत असतात. अनेक इंजिनांत थंड ठेवणारं पाणी फिरवणारा पंपही अल्टरनेटरच्याच पट्ट्यावर चालतो. चालत्या इंजिनात दिवा पेटला, तर पट्टा तुटला असण्याची शक्यता आधी तपासावी, नाहीतर इंजिन तापेल.

किल्ली फिरवूनही दिवा पेटला नाही, तर बल्ब, डी प्लसची तार किंवा रोटरला प्रवाह पोचवणारे, झिजलेले ब्रश तपासावेत. इंजिन चालू असताना दिवा मंद तेवत राहिला, तर एखादा डायोड गेलेला असू शकतो.

अल्टरनेटरच्या ‘बी प्लस’ टर्मिनलपासून बॅटरीपर्यंतची तार जाड हवी. अल्टरनेटर आणि बॅटरीत 3 मीटर अंतर असेल, तर जाण्या-येण्याची तांब्याची तार 6 मीटर होते. तिची जाडी 10 चौरस मिलिमीटर असेल, तर 50 अँपिअरला अर्धा व्होल्ट वाटेतच खर्च होतो. 25 चौरस मिलिमीटरच्या तारेत तो 0.2 व्होल्टवर येतो. खाऱ्या हवेत कथिलाचा मुलामा दिलेली तार अधिक टिकते. आणि इंजिन चालू असताना बॅटरीचा मेन स्विच कधीही बंद करू नये, कारण अचानक उसळलेला व्होल्टेज डायोड जाळू शकतो.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. याच काळात नौका दुरुस्तीला लागतात. रंगकाम आणि जाळ्यांबरोबर या एका बल्बकडेही पाहा. किल्ली फिरवल्यावर तो पेटला, इंजिन चालू झाल्यावर विझला आणि मल्टीमीटरवर बॅटरीचा व्होल्टेज 14च्या आसपास आला, तरच बोट समुद्रात न्या.