भेट मिळालेला राणीछाप रुपया : किंमत किती?

सूनमुख पाहताना, बारशाला किंवा मुंजीत घरातली वडीलधारी मंडळी हातावर चांदीचा जुना रुपया ठेवतात. कार्य आटोपले की घरात चर्चा सुरू होते. "दीडशे वर्षांचा आहे, लाखभर तरी सहज येतील!" असे एक जण म्हणतो. "छे, सोनार चांदीचेच पैसे देईल," असे दुसरा. मग तो रुपया एक तर घाईने विकला जातो, नाही तर भलत्याच आशेने कुलपात पडून राहतो.

खरे म्हणजे अशा नाण्याला दोन किमती असतात. एक चांदीची, दुसरी दुर्मिळतेची.

पहिली घरबसल्या काढता येते. १८३५ पासून १९३९ पर्यंतच्या ब्रिटिश रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे जुन्या हिशेबाने एक तोळा. त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. चांदीच्या त्या दिवसाच्या भावाने गुणले की झाले. नाणे झिजलेले असेल तर वजन थोडे कमी भरेल. १९४० पासून मात्र युद्धकाळात रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा आहे. तो लोहचुंबकाला चिकटतो, चांदी चिकटत नाही. पण तांबे-पितळही चिकटत नाही, म्हणून एवढ्यावरच चांदी ठरवू नका, वजन करा.

दुसऱ्या किमतीच्या बाबतीत मोठा गैरसमज आहे. नाणे जुने म्हणजे महाग, असे नसते. व्हिक्टोरिया राणीचे १८६२ सालचे रुपये पाहा. टाकसाळीत १८७४ पर्यंत तेच साल छापले जात होते, त्यामुळे ते अमाप निघाले आणि आजही सहज मिळतात. अभ्यासक त्यावरचे बारीक ठिपके मोजून वेगवेगळे प्रकार ओळखतात. उलट सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया त्याहून कितीतरी नवा, पण दुर्मिळ. अर्थात म्हणूनच त्याच्या नकलाही निघतात. १९११ च्या रुपयाची तर गंमतच आहे. पाचव्या जॉर्जच्या पोशाखावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि १९१२ मध्ये हत्ती सुधारला. म्हणून संग्राहक आधी साल पाहतात, मग राजाची सोंड!

'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असे लिहिलेले, रामदरबार किंवा हनुमान असलेले नाणे मिळाले असेल, तर ते चलनातले नाणे नव्हे. कंपनीने अशी नाणी पाडलीच नव्हती. देव्हाऱ्यात ठेवायला हरकत नाही. त्याच्या चमत्काराच्या आणि कोट्यवधींच्या कथांवर विश्वास ठेवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचे. लक्ष्मीपूजनाच्या आधी रुपया चिंच, राख किंवा पावडर लावून लख्ख घासायची आपल्याकडे सवय. हा काळपटपणा संग्राहकाला हवा असतो. घासल्याने ओरखडे पडतात आणि उठाव झिजतो. माळेसाठी कडी डाखलेल्या किंवा भोक पाडलेल्या रुपयाला बहुधा चांदीचाच भाव मिळतो. नाणे कडेने धरा, कोरड्या कागदी पाकिटात ठेवा.

विकायचेच असेल तर लिलावात तशी नाणी प्रत्यक्ष कितीला गेली ते पाहा. मागितलेली किंमत म्हणजे मिळालेली किंमत नव्हे. नाणी प्रदर्शनात दोन-तीन व्यापाऱ्यांना दाखवा. फोनवरून मोठी रक्कम देऊ करून आधी 'कर' किंवा 'कमिशन' मागणाऱ्याला मात्र एक पैसाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेचे नाव आणि चिन्ह वापरून अशी फसवणूक होते, असा इशारा खुद्द बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांशी तिचा संबंध नाही.

आणि परदेशातल्या लेकीला तो रुपया पाठवायचा विचार असेल, तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षे झालेले नाणे पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही.