घरगुती गॅस : चुलीशेजारची दक्षता

गोंदिया जिल्ह्यातील वनालगतच्या गावांत सरपण हेच पिढ्यान्‌पिढ्या घरगुती इंधन होते. १ मे २०१६ रोजी प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा आरंभ झाला. गरीब कुटुंबांतील महिलांच्या नावे जोडण्या मिळू लागल्या आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव अशा तालुक्यांतील खेड्यांतही गॅस पोहोचला. तथापि, चूल पूर्णपणे विझलेली नाही. अंघोळीचे पाणी तापविण्यासाठी किंवा अधिक माणसांच्या स्वयंपाकासाठी ती अनेक घरांत आजही पेटते. चूल आणि सिलिंडर एकाच खोलीत असल्यास कोणता धोका संभवतो, हे प्रत्येक कुटुंबाने जाणून घेणे अगत्याचे आहे.

सिलिंडरमध्ये प्रामुख्याने प्रोपेन व ब्यूटेन हे वायू दाबाखाली द्रवरूपात साठविलेले असतात. एक लिटर द्रव बाहेर पडल्यास त्याचा सुमारे २५० लिटर वायू होतो. हा वायू हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. त्यामुळे धुराप्रमाणे छपराकडे न जाता तो जमिनीलगत पसरतो व सखल जागी साचतो. हवेत त्याचे प्रमाण सुमारे २ ते ९ टक्के असताना एखादी ठिणगीही भडका उडविण्यास पुरेशी ठरते. चूल जमिनीवरच असल्याने गळलेला वायू विस्तवापर्यंत सहज पोहोचतो. थंडीच्या दिवसांत दारे-खिडक्या बंद ठेवल्या जात असल्याने हा धोका वाढतो. केवळ उंचावरील झरोका अशा वेळी पुरेसा होत नाही. हवा जमिनीलगतही खेळती हवी.

म्हणून चूल पडवीत अथवा अंगणात स्वतंत्र ठेवावी. सिलिंडर नेहमी उभा असावा आणि शेगडी त्याहून उंच ओट्यावर ठेवावी. रबरी नळी भारतीय मानक चिन्हाची असावी व ती दर पाच वर्षांनी, तडे दिसल्यास त्यापूर्वीच, बदलावी. रात्री रेग्युलेटर बंद करावा. गळती तपासण्यासाठी साबणाचे पाणी वापरावे. काडी कदापि ओढू नये.

सिलिंडर स्वीकारताना त्यावरील चाचणीची मुदत पाहावी. ए, बी, सी व डी ही इंग्रजी अक्षरे अनुक्रमे मार्च, जून, सप्टेंबर व डिसेंबरअखेर दर्शवितात. पुढील अंक वर्षाचा असतो. ‘बी-२८’ म्हणजे जून २०२८ अखेर. मुदत संपलेला सिलिंडर घेऊ नये.

या वायूला मूळचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथिल मर्कॅप्टन हे उग्र वासाचे द्रव्य मिसळलेले असते. असा वास आल्यास रेग्युलेटर बंद करून सिलिंडरवर सुरक्षा टोपी बसवावी आणि दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे कोणतेही बटण चालू अथवा बंद करू नये. सर्वांनी बाहेर पडावे व बाहेरूनच १९०६ या अहोरात्र चालणाऱ्या क्रमांकावर दूरध्वनी करावा.

शाळेच्या पोषण आहाराच्या स्वयंपाकगृहासही हेच नियम लागू आहेत. शिक्षकांनी सिलिंडरवरील मुदत वाचण्यास विद्यार्थ्यांना शिकवावे. पंचायत सदस्यांनी ग्रामसभेत व महिला बचत गटांच्या बैठकीत वितरकाकडून प्रात्यक्षिक घडवून आणावे. गावात जोडण्या किती झाल्या याच्या नोंदीबरोबरच किती घरांत चूल व सिलिंडर वेगळे झाले, याचीही विचारपूस व्हावी. घरोघरी आलेली ही सोय सुरक्षित राखण्याचा मार्ग तेथूनच सुरू होतो.