सिंगापूरचे फेरीवाले आणि नळाचं पाणी

"गाडीवरचं खाऊ नकोस, पोट बिघडेल." हे आपण वर्गातही सांगतो, घरीही. पण पोट नेमकं कशाने बिघडतं, ते सांगतो का? अन्न आणि स्वच्छता हा भाग शिकवताना सिंगापूरचं उदाहरण घेऊन बघा.

तिथेही पूर्वी रस्तोरस्ती फेरीवाले होते. जवळ नळ नाही, एकाच बादलीत ताटल्या विसळायच्या, खरकटं गटारात. सरकारने आधी त्यांची नोंदणी केली. मग 1971 ते 1986 या काळात त्यांना 'हॉकर सेंटर'मध्ये जागा दिली. म्हणजे एका मोठ्या छपराखाली ओळीने छोटे गाळे, मध्ये सगळ्यांसाठी टेबलं, आणि मुख्य म्हणजे नळाचं पाणी, सांडपाण्याची आणि कचऱ्याची सोय. माणसं तीच, पदार्थही तेच!

आज तिथे चिनी नूडल्सच्या शेजारी मलय साते, पलीकडे डोसा मिळतो. जागा धरायला लोक टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवतात. (आपण एसटीत रुमाल टाकतो ना, तस्संच.)

बड्या रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशेलिन गाइडने 2016 मध्ये दोन हॉकरांच्या गाळ्यांनाही एकेक तारा दिला. त्यातल्या एका गाळ्यावर चिकन-भात तेव्हा सुमारे 2 सिंगापूर डॉलरला, म्हणजे शंभरेक रुपयांना मिळायचा.

हे सांगून झाल्यावर मुलांना शाळेजवळच्या भेळवाल्या काकांकडे पाठवा. पाणी कुठून आणता, एवढंच विचारायचं. आमच्या चौथीच्या मुलांनी विचारलं, तर काका म्हणाले, "दोन गल्ल्या सोडून हंडा भरून आणतो, बाळांनो. इथे नळ कोण देतंय?"