समाधान मोजायचं कसं?

मंडळी, हिवरे बाजारात बसलोय, तर इथूनच सुरुवात करू. हे गाव पाऊस मोजतं, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतं आणि मग पिकं ठरवतं. आम्ही विद्यापीठवाले मात्र कर्मचाऱ्यांचं समाधान १ ते ५ गुणांत मोजतो, सरासरी काढतो आणि फाईल बंद करतो. कायम प्राध्यापकाचे ५, तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाचा १, सरासरी ३. हा तीनवाला माणूस आहे कुठे? आणि ज्याची नेमणूक दरवर्षी नव्याने होते, तो नाव घालून खरं लिहील का? हर्झबर्ग यांनी १९५९ मध्येच मांडलं, की पगार, नियम सुधारले तर नाराजी घटते. समाधान मात्र कामातून, कौतुकातून येतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं विचारावं, निनावी विचारावं, आणि उत्तरं सर्वांसमोर मांडून काय बदलणार तेही सांगावं. नुसतं मोजून विहीर भरत नाही.